सावडायचं राहिलं होतं

जेसीबीवाल्यानं एकदम मशीन बंद केलं आणि खाली उडी टाकून तो बाजूला जाऊन उभा राहिला, तेव्हा सुकन्या समोरच्या गाड्यावर मेथीची जुडी निवडत होती. सकाळपासून कानात घुमणारी घरघर थांबली म्हणून तिनं मान वर केली. देवळाच्या आवारात माणसं खड्ड्याच्या कडेला गोळा झाली होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. लातूरच्या त्या गल्लीत सकाळच्या वेळी अशी शांतता कधी नसायची. दोन्ही अंगांना क्लासेसच्या उंच इमारती, त्यांच्या मधेमधे मुलामुलींची होस्टेलं, खाली झेरॉक्सची दुकानं, पोह्यांचे गाडे, भिंतीभिंतीवर मागल्या वर्षीच्या गुणवंतांचे हसरे फोटो. आणि या सगळ्याच्या मधोमध एका जुन्या लिंबाखाली विद्याआईचं देऊळ.

देऊळ म्हणायचं एवढंच. शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड, वर पत्र्याचं छत आणि पुढं फरशी. पण मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारं एकही पोरगं त्या दगडापुढं डोकं टेकल्याशिवाय क्लासला जात नसे. नवस म्हणून पोरं पेन वाहायची. परीक्षा जवळ आली की पेनांच्या ढिगात दगड दिसेनासा व्हायचा. गर्दी वाढली तसा ट्रस्ट झाला, आणि ट्रस्टनं आता मोठा सभामंडप बांधायला काढला होता. त्याच्याच पायासाठी हे खोदकाम चाललं होतं.

सुकन्या मेथी तशीच टाकून रस्ता ओलांडून गेली. माणसांच्या खांद्यांमधून तिनं खाली पाहिलं. खड्ड्याच्या भिंतीत, काळ्या मातीच्या खाली, राखेचा एक जाड पट्टा गेला होता. उपसलेल्या मातीवर हिरव्या काचेचे वितळलेले गोळे पडले होते. एका गोळ्यात अर्धी बांगडी तशीच राहिली होती. जेसीबीच्या दाताला काहीतरी पांढुरकं अडकलं होतं.

"काय हाय वो ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"फीमरचं हेड," एक मुलगी पटकन म्हणाली. वर्गात उत्तर द्यावं तसं. "मांडीच्या हाडाचं वरचं टोक. माणसाचं." आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात दाबला.

ती उर्वी होती, सुकन्याचीच मुलगी. पाठीवर सॅक, हातात वाहायला आणलेला निळा पेन. तिनं आईकडं पाहिलं, मागं वळली आणि लिंबाच्या बुंध्याला धरून भडभडून ओकली.

सुकन्या नांदेडला राहायची. तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायची. उर्वीला पहिल्या खेपेला मेडिकलला मार्क कमी पडले, तेव्हा दुसऱ्या खेपेसाठी लातूरलाच ठेवायचं ठरलं. पोरगी एकटी राहिली की जेवत नाही, रडत बसते, म्हणून सुकन्यानं शाळेतून वर्षाची रजा घेतली आणि भामाबाईंच्या होस्टेलात वरच्या मजल्यावर खोली घेतली. नवरा श्रीनाथ पाटबंधारे खात्यात, तो नांदेडलाच. उर्वी देवळात जाते याचं सुकन्याला काही वाटत नसे. स्वतः मात्र ती कधी तिथं थांबली नव्हती. पोरांच्या चपलांची गर्दी चुकवून ती पलीकडून निघून जायची.

पोलीस आले. त्यांनी हाडं पिशवीत भरली, ही जुनी आहेत, जळलेली आहेत, तपासायला पाठवू म्हणाले आणि खड्ड्याभोवती दोरी बांधून गेले. पण दोरीनं काय थांबतं? दुपारपर्यंत गल्लीत तोंडाला येईल ते चाललं होतं. कुणी नरबळी म्हणालं, कुणी दरोडेखोर म्हणालं. क्लासमध्ये पोरांनी सरांचं ऐकणं सोडून मोबाइल काढले. हदगावच्या एका मुलीचे वडील संध्याकाळच्या आत गाडी घेऊन हजर झाले आणि तिची गादी-बादली घेऊन गेले. श्रीनाथचा फोन आला, "तू उर्वीला घेऊन आधी निघ. अभ्यास इथं करेल."

उर्वी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच पडून म्हणाली, "आई, आम्ही मेलेल्या माणसांकडं मार्क मागत होतो."

सुकन्यानं तिच्या अंगावर चादर सरकवली. ती चहा करून खाली भामाबाईंकडं गेली. भामाबाई म्हणजे या होस्टेलच्या मालकीण. साठीच्या पुढं-मागं असतील. पाण्याची मोटर आणि फाटकाचं कुलूप यांवर त्यांची एवढी नजर की पोरी त्यांना भ्यायच्या. आज मात्र मोटर चालू राहून टाकी वाहत होती आणि भामाबाई मागच्या दाराच्या पायरीवर डोक्यावरून पदर ओढून बसल्या होत्या.

"मावशी, चहा घ्या. सकाळपासून तुम्ही दिसल्या नाहीत."

भामाबाईंनी कप घेतला नाही. "पोरी भ्याल्या का?"

"भ्याल्या तर. कुणी काहीही बोलतंय. खून म्हणताहेत."

"खून न्हाई माय," भामाबाई म्हणाल्या. "खून-बिन काई न्हाई. ती भूकंपातली माणसं हायत."

सुकन्या कप हातात घेऊन उभीच राहिली.

भामाबाई एकसारख्या आवाजात सांगत गेल्या. "हे समदं आमचं शेत व्हतं. लातूर तवा पार तिकडं संपायचं. मी दोन लेकरांची माय झालते. किल्लारीचा भूकंप झाला आन् दवाखान्यात पाय ठिवायला जागा न्हाई राहिली. मंग बाहेरगावची डाक्टर मंडळी आली, आमच्या माळावर तंबू ठोकले. जीपा, टेंपो, टरक भरूभरू माणसं यायली. कुणाचा पाय न्हाई, कुणाच्या छातीवर भित पडलेली. जगली ती जगली. मेली, त्यांत ज्यांचं कुणी संगं व्हतं, त्यांनी आपापलं माणूस नेलं. ज्यांचं कुणीच न्हवतं, ती तशीच. पाऊस लागलेला. किती ठिवावं? आमच्या सासऱ्यानं गोठ्याच्या तुळया काढून दिल्या. एकच चिता रचली. हिंदू हाय का लिंगायत हाय का मुसलमान हाय, कुणी कुणाला वळखत न्हवतं, कुणी इचारलं बी न्हाई."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी सावडायला कुणीच आलं न्हाई. कोण येणार? सासऱ्यानं चर खंदली, समदं आत घेतलं, माती लोटली. वर नांगर जाऊ नये म्हणून म्या एक दगड आणून ठिवला. बस्स, तेवढंच. शेंदूर म्या न्हाई लावला. तो कुणी लावला मला मालूम न्हाई. पुढं प्लॉट पडले, मालक म्हणले तोंड उघडू नको, कुणी जागा घेणार न्हाई. म्या गप राहिले. मंग क्लासेस आले, पोरं पाया पडायली. म्या म्हणलं, पडू दे. कुणी तर हात जोडायलंय त्यांना."

"कुठल्या गावची माणसं होती?" सुकन्यानं विचारलं. तिला तिचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"औशाकडची, तेरणाकाठची. तिकडचीच समदी."

कप कधी खाली पडला ते सुकन्याला कळलं नाही. चहा पायावरून ओघळला तरी ती हलली नाही.

सुकन्या मूळची करजवाडीची, औशाच्या खालची. भूकंप झाला त्या रात्री गणपती बुडवून आलेली पोरंटोरं शाळेच्या पटांगणातच झोपली होती, त्यांत ती होती, म्हणून ती वाचली. उजाडलं तेव्हा गावाच्या जागी दगडांचा ढीग होता. तिचे वडील आप्पासाहेब जागलीला शेतावर गेले होते, ते धावत आले आणि हातांनी दगड उपसू लागले. आधी आई सापडली. साखराबाई. कमरेखाली सगळं चेचलेलं, पण जिवंत होती, डोळे उघडे होते, सुकन्याकडं बघून तिनं "पाणी पी ग" असं काहीतरी म्हटलं होतं. जखमी न्यायला एक जीप आली. तिच्यात आईला घातलं. तान्हा भाऊ अजून आतच होता. आप्पांनी जीपच्या मागच्या फळीला धरून सांगितलं, "तू व्हय म्होरं. बाळ्याला काढतो आन् आलोच."

बाळ्याला काढायला संध्याकाळ झाली, आणि काढला तेव्हा तो गेलेला होता. त्याला पुरून आप्पा लातूरला पोचले, तर साखराबाई कुठंच नव्हती. या दवाखान्यात नाही, त्या दवाखान्यात नाही. कुणी सांगितलं सोलापूरला हलवलं, कुणी सांगितलं पुण्याला. आप्पा सगळीकडं फिरले. पुढं वर्षानुवर्षं फिरत राहिले, मिरजेपर्यंत, मुंबईपर्यंत. लोक दुसरं लग्न कर म्हणायचे, तेव्हा ते एकच उत्तर द्यायचे, "माझी बायको दवाखान्यात हाय." तिचं दिवसकार्य झालं नाही, श्राद्ध झालं नाही. सुकन्याच्या लग्नात विधीला बसायची वेळ आली तेव्हा त्यांनी बायकोच्या जागी सुपारी ठेवू दिली नाही. पाट रिकामा ठेवला.

आणि सुकन्या आठ महिने रोज त्या दगडापलीकडून मेथी, कोथिंबीर, दूध घेऊन जात होती.

"त्यातल्या एका जीपमध्ये माझी आई होती," ती म्हणाली. "साखराबाई. करजवाडीची. मावशी, तुम्ही बघितलं असंल. गोरी होती. इथं हनुवटीवर गोंदलेलं होतं."

भामाबाईंनी तिचे दोन्ही हात धरून तिला पायरीवर बसवलं. "गोंदलेल्या लई जणी व्हत्या, माय," त्या म्हणाल्या. "मला नाव कुणाचंच मालूम न्हाई. हाव म्हणलं तर खोटं हुईल. न्हाई म्हणलं तरी खोटंच हुईल."

दुसऱ्या दिवशी ट्रस्टची बैठक भरली. ट्रस्टचे अध्यक्ष शरदचंद्र सर. गल्लीतला सगळ्यांत जुना क्लास त्यांचा. रसायनशास्त्राचा माणूस, आवाज कधी चढत नसे. भामाबाईंनी जे खरं ते पोलिसांसकट सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, त्यामुळं पोलिसांचा संशय फिटला, खुनाची बोलणी थांबली, पण दुसरीच सुरू झाली. पालक विचारू लागले, आमच्या लेकरांना तुम्ही स्मशानात पाया पडायला लावलंत का? एक जण तर म्हणाला, पोरीचे मार्क का घसरले ते आत्ता कळलं.

सर सुकन्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईचं मला कळलं. काय बोलू तेच सुचत नाही. पण परीक्षा तोंडावर आहे. पोरांच्या मनात भीती बसली तर वर्ष जाईल. रविवारपर्यंत खड्डा मुरुमानं भरून घेऊ, भटजी बोलावून शांत करून घेऊ, मंडप हमरस्त्याला दुसऱ्या जागेवर नेऊ. इथला विषय बंद. तुम्हाला समजतंय ना?"

"मला माझ्या वडिलांना सांगू द्या आधी," सुकन्या म्हणाली.

"सांगा की. पण रविवारपर्यंत."

ती एसटीनं औशाला आणि तिथून जीपनं गावी गेली. वाटभर तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. भूकंपानंतर गाव दोन मैलांवर नव्यानं वसवलं होतं, सरळ रस्ते, सिमेंटची सारखी घरं. आप्पासाहेबांनी घर घेतलं, पण त्यात ते कधी झोपले नाहीत. बाजूला पत्र्याची शेड घालून तिच्यातच राहायचे. सुकन्या पोचली तेव्हा ते अंगणात तुरीच्या पेंढ्या बडवत होते. लेकीला अवेळी बघून काठी तशीच वर राहिली.

"काय झालं? उर्वी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे आप्पा." आणि वाटभर जुळवलेलं सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. "आप्पा, आईचा ठाव लागला."

काठी खाली पडली. आप्पासाहेब तिच्याकडं बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उमटलं, जे सुकन्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. ते घाईनं शेडमध्ये गेले, टोपी घातली, खुंटीवरची पैरण ओढली. "कुठं हाय? चालती का? चालता येत नसंल तर गाडी करावी लागंल. बोलती का ग? वळखती का तुला?"

आपण काय बोललो ते सुकन्याला आत्ता कळलं.

"आप्पा, तसं नाही. आप्पा, ऐका, बसा आधी." आणि तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. तंबू, पाऊस, तुळया, चर, क्लासेसच्या गल्लीतलं देऊळ, रविवारी पडणारा मुरुम. पैरणीच्या एका बाहीत हात घातलेले आप्पासाहेब ऐकत होते. दुसरी बाही लोंबतच राहिली.

"कुणी सांगितलं?"

"त्या बाईनं. तिच्याच शेतात झालं सगळं."

"तिनं साखराला बघितलं?"

"नाव माहीत नाही म्हणते."

"मंग?" आप्पासाहेब ओरडले. शेजारपाजारची दारं उघडली. "मंग कशावरून? राखंला नाव असतं का? तू शिकलेली, मास्तरीण, आन् कुणाच्या बी राखंला आई म्हणून आलीस? माझी बायको मेली न्हाई. जा. जा तू."

त्यांनी पैरण काढून फेकली, काठी उचलली आणि पेंढ्या बडवायला लागले. शेंगा कधीच्या फुटून गेल्या होत्या तरी ते थांबेनात. सुकन्या शेडच्या खांबाला टेकून बसून राहिली. शेवटच्या जीपची वेळ झाली तेव्हा ती उठली. त्यांनी मान वर केली नाही.

परत आल्यावर तिनं उर्वीला सगळं सांगितलं. उर्वीला आजीचं एवढंच माहीत होतं की ती भूकंपात हरवली.

रविवारी सकाळी मुरुमाचा ट्रॅक्टर आला. सर होते, ट्रस्टची चार माणसं होती, भटजी आले होते. रविवारची टेस्ट सुटली होती, पोरं सॅका घेऊन लांबून बघत होती. ट्रॅक्टरवाला ट्रॉली मागं घेत होता, एवढ्यात लोक बाजूला सरले आणि आप्पासाहेब पुढं आले. कुणाला काही न विचारता त्यांनी दोरी वर उचलली, पायताण काढलं आणि धोतर सावरत ते खड्ड्यात उतरले.

"बाबा, अहो बाबा, वर या," सर म्हणाले. "माती कोसळेल."

आप्पासाहेब राखेच्या पट्ट्यासमोर उभे होते. त्यांनी हात लावला नव्हता, नुसते बघत होते. मग वर बघून म्हणाले, "ती बाई कुठं हाय? जिचं शेत हाय ती?"

भामाबाई कडेला आल्या.

"बाई, माझी मालकीन हितं हाय का?"

"दादा, मला न्हाई सांगता येणार."

"जाळली तवा अंगावर काय घातलं व्हतं का? का तशीच?"

"न्हाई न्हाई," भामाबाई घाईनं म्हणाल्या. "माझ्या सासूनं घरातली लुगडी काढली. माझं लग्नाचं बी दिलं. एक बी बाई उघडी न्हाई जाऊ दिली."

आप्पासाहेबांनी मान हलवली. ते सावकाश खाली बसले, खांद्यावरचं उपरणं त्यांनी मातीवर पसरलं आणि राखेतून एक हाड उचलून त्यावर ठेवलं. मग दुसरं.

"हे काय करताय तुम्ही?" ट्रस्टमधला एक जण म्हणाला.

"सावडायलो," आप्पासाहेब म्हणाले. "सावडायचं राहिलंय. तुमचा मुरुम दम धरंल जरा."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. सावडायला बायका जात नाहीत, हे सुकन्याला माहीत होतं. ती चपला काढून खाली उतरली. वडिलांच्या शेजारी बसली. तिनं वितळलेल्या बांगड्यांचा एक गोळा उचलला. तो थंड होता आणि वाटला होता त्याहून जड. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडू येत नव्हतं. आणि मग पलीकडच्या कडेनं घसरत उर्वी खाली आली. प्रत्येक हाडाचं नाव तिला पाठ होतं. तिनं एकही नाव घेतलं नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन ती आजोबांच्या उपरण्यावर ठेवत राहिली.

उपरणं भरलं. भामाबाईंनी आपली शाल दिली. तीही भरली. मग वरून कुणीतरी होस्टेलची चादर टाकली, कुणी ओढणी. भामाबाईंनी दूध आणलं, आप्पासाहेबांनी ते राखेवर शिंपडलं. पोरं पुढं सरकत सरकत कडेपर्यंत आली होती. शरदचंद्र सर उन्हात उभे होते. बूट त्यांनी कधी काढले होते कुणाला ठाऊक.

सगळं झाल्यावर सर खाली वाकून म्हणाले, "बाबा, नांदेडला गोदावरीत विसर्जन करायचं असेल तर मी गाडी देतो. आत्ता निघा."

आप्पासाहेबांनी भरलेल्या कापडांवर हात ठेवला. "न्हाई साहेब. ह्यात माझी येकटीच असती तर नेली असती. ह्यात दुसऱ्यांची बी माणसं हायत. उद्या कुणी हुडकत आलं तर त्यानं कुठं जावं? मी लई हुडकलंय. मला मालूम हाय." मग ते म्हणाले, "आन् ह्यात कोण मुसलमान बी असंल. त्याला नदीत सोडणारे आपण कोण? हितंच ठिवा. फकस्त नीट ठिवा."

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोचं नाव घेऊन हाक मारली, सगळ्या गल्लीसमोर, मोठ्यानं, एकदाच. सुकन्या दचकली. तो आवाज तिनं ऐकला होता, जीप निघाली तेव्हा.

मुरुम पडला नाही. दगडाखालीच फरशीचा एक हौद बांधून त्यात सगळं ठेवलं आणि वर पुन्हा तोच दगड बसवला. शेंदूर भामाबाईंनी स्वतः खरवडून काढला. विद्याआईची नवी संगमरवरी मूर्ती आणून हमरस्त्याला मंडपात बसवली. आता पोरं तिकडं जातात, पेन तिकडंच वाहतात. काही पोरं मात्र अजून या गल्लीतून वळून जातात, दगडाजवळ जरा थांबतात, काही मागत नाहीत बहुतेक. उर्वीला मेडिकलची सीट मिळाली नाही, नांदेडला आयुर्वेदाला मिळाली. अभ्यास कमी पडला एवढंच ती म्हणाली, दुसऱ्या कशावर तिनं ढकललं नाही. आप्पासाहेबांनी गावात तेरावं घातलं. जेवायला बसलेल्या माणसांना ते स्वतः वाढत होते आणि लोकांना त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

खोली सोडायच्या दिवशी सुकन्या दगडाला पाणी घालायला गेली होती. मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. नऊवारीतली एक म्हातारी, बरोबर तरणा नातू. मुखेडकडं लेकीकडं राहते म्हणाली, मूळ गाव तेरणाकाठचं. कुणाकडून तरी ऐकून आली होती.

"बाई, तुम्ही हितल्याच का?" म्हातारीनं विचारलं. "माझा भाऊ, वीरण्णा. टेंपोत घालून आणला व्हता लातूरला. पुन्ना घावलाच न्हाई. हितं हाय का वो तो?"

नातवानं संकोचून सुकन्याकडं पाहिलं. भामाबाई फाटकात उभ्या होत्या; त्यांनी मान फिरवली.

सुकन्यानं म्हातारीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मला माहीत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं.

"हाव," ती म्हणाली. "इथंच आहे."

आपण हे बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. म्हातारीनं मात्र दुसरं काही विचारलं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली, फरशीवरून तळहात फिरवला आणि नातवाला म्हणाली, "तुझ्या मायला फोन लाव. म्हणावं, मामा घावला."